फळ्यावरचा भाव

पहाटे साडेचारला अफिया पोमा येते
आणि टेचिमानच्या अंडीबाजाराला
कोंबड्याच्या नाही, तिच्या चपलांच्या आवाजाने जाग येते.
"लिही," म्हणते. मी खडू ओला करतो.
मोठं अंडं, तीसचा ट्रे : अठ्ठेचाळीस सेडी.
मधलं : चव्वेचाळीस.
पहिलटकरणींचं, बारीक, कधी रक्ताची रेघ असलेलं : तेहतीस.
तडकलेलं : बोलून ठरवा.

अंड्यांची राणी म्हणतात तिला.
मुकुट नाही. प्लास्टिकचं स्टूल, एक वही, दोन फोन,
आणि अशी नजर की ट्रे न उचलता
तळच्या थरातलं फुटकं सांगते.
तिने मान हलवली नाही
तर दोर्माहून आलेला ट्रक दोर सोडत नाही.

ईस्टर होऊन गेला.
शाळा बंद झाल्या,
मुलांच्या थाळीतलं अंडं गेलं,
आणि मागच्या सत्राच्या अंड्यांचे पैसे
अजून कुठल्यातरी टेबलावर सहीची वाट बघतायत.
पण हे कोंबडीला कोण सांगणार?
उजाडलं की ती आपलं काम करून मोकळी.

दुपारी ग्याबाचा फोन. मका पुन्हा चढलाय.
"मावशी, चार हजार पक्षी आहेत. म्हाताऱ्या काढून टाकू का?"
"सगळेच काढतायत. मातीमोल जातील. थांब."
"मी थांबेन. त्या खायच्या थांबत नाहीत."
तिने फोन पालथा ठेवला
आणि बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत बसली.

बारावा दिवस.
ट्रेवर ट्रे, छपराच्या पत्र्याला टेकलेले.
बादलीत पाणी घेऊन मी एकेक सोडून बघतो :
आडवं झोपलं तर ताजं,
तरंगलं तर गेलं.
आज तीन अंडी तळाशी उभी राहिली,
साक्षीला बोलावल्यासारखी.

रमातू म्हणाली, "बेचाळीस करू या."
बाकीच्या बायका गप्प, म्हणजे तिच्या बाजूच्या.
पोमा म्हणाली, "आज बेचाळीस केलंत
तर उद्या चाळिसाला मागतील.
भावाला वर चढायला शिडी लागते,
खाली यायला काही लागत नाही."
"आणि माझं घर काय फळ्यावर चालतं?" रमातू म्हणाली.
याला उत्तर नव्हतं. कुणी दिलंही नाही.

रात्री अकराला इद्रिसाचा ट्रक आला, दिवे न लावता.
उत्तरेला जाणारा, सीमेपलीकडे.
सहाशे ट्रे. एकोणचाळीस.
पोमाने फोनच्या उजेडात नोटा मोजल्या,
काही सेडी, काही फ्रँक,
मोजताना दोनदा चुकली. ती कधी चुकत नाही.
पावत्या मी लिहिल्या.
"तिकडे आपला फळा कुणी वाचत नाही,"
ती म्हणाली. मला, की नोटांना, कळलं नाही.
ग्याबाच्या खात्यावर तिने काय मांडलं
तेही मला दिसलं नाही;
वही तिने मांडीवर घेतली होती
आणि मी, खरं सांगायचं तर, मान वळवली होती.

पहाटे साडेचार. चपला.
"लिही."
मी खडू ओला केला.
मोठं अंडं, अठ्ठेचाळीस.
आठावर हात जरा रेंगाळला, एवढंच.

रमातू आली. कोपऱ्यातली मोकळी जमीन बघितली,
तिथे पडलेला भुसा, एक पिवळा ओघळ,
टायरची खूण.
मग फळा बघितला. मग मला.
आरडाओरडा होईल असं वाटलं होतं.
तिने बाही वर केली, बादलीत हात घातला,
ती तीन उभी अंडी बाहेर काढली,
ओलीच, पोमाच्या वहीवर ठेवली,
घरंगळू नयेत म्हणून तळवा आडवा धरला
आणि म्हणाली,
"यांचं तरी
बोलून ठरवू या."