कडता

अमळनेरच्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात,
भिंतीवर सहा तोंडं चिकटवली आहेत.
पहिलं हसतं, सहावं रडतं,
मधली चार हळूहळू आंबत गेलेली.
एकालाही मिशी नाही.
टोपीमुळे गोरं राहिलेलं कपाळ एकाचंही नाही.

खाट नंबर नऊ. हिलाल बापू.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.
दादर, बाजरी, मठ, भुईमूग,
निम्म्या तालुक्याचं धान्य या मनगटांवरून गेलं.
आता मणक्यात गाठ आहे
आणि मोजायचं काम माझ्याकडे.

"बापू, कितलं दुखस? दहामाईन सांगा."
बापूंनी माझ्याकडे पाहिलं,
ओलं पोतं आणणाऱ्याकडे पाहावं तसं.
"तोलीसन सांगू, का अंदाजे?"
अंदाजे, मी म्हटलं.
"पाच."
मी पाच लिहिलं. पाचाला पाचाची गोळी.

मे महिना. रात्री एकलाही स्लॅबची आच उतरली नव्हती.
सुरतेकडची गाडी जाऊन बराच वेळ झालेला.
मी फेरीवर, टॉर्च खाली धरून.
नऊ नंबरची चादर नीट होती,
फारच नीट.
झोपलेल्या माणसाची चादर अशी नसते.
पायांचे अंगठे आत वळलेले,
उजवी मूठ खाटेच्या दांडीला,
आणि श्वास मधेच अडवून बेतानं सोडलेला,
काटा स्थिर होईपर्यंत
तराजूजवळ सोडतात तसा.

केसरबाई खाली सतरंजीवर जाग्याच.
म्हणाल्या, "माय, त्या कडता कापीसन सांगतस."

कडता.
पोत्याचं वजन, माती, काडीकचरा
आधी वजा करायचं, मगच आकडा बोलायचा.
बापूंनी काय काय वजा केलं असेल.
जळगावच्या गाडीचं भाडं.
धाकट्याचा कंपनीतला खाडा.
आठ नंबरवरचा पोरगा, जो त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो.
संध्याकाळपासून उभी असलेली मी.
आणि पुरुषानं कण्हू नये, हे तर बारदानच,
ते सोडून आतला माल
कुणी कधी पाहिलाच नाही.

सकाळी डॉक्टरांना म्हटलं, पाच नाही, आठ आहे.
"पेशंट आठ म्हणाला?"
नाही, अंगठे म्हणाले.
केसपेपरवर अंगठ्यांसाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं.

मॉर्फिनच्या गोळ्या धुळ्याहून तिसऱ्या दिवशी आल्या,
कुलपात गेल्या, दोन सह्यांखाली.
तोवर मी विचारायची रीत बदलली होती.
आकडा राहू द्या, म्हटलं,
माल कसा आहे तेवढं सांगा.
बापू पहिल्यांदा नीट बोलले.
"दिवसले ठसठस. बारीक माल, मठना मायक, पन सरस नही."
"कूस बदली का चमक. ती मोजाले गावस नही, चोर शे ती."
मग बराच वेळ पंख्याकडे पाहत,
"आनि पहाटले भरेल पोतं पाठवर,
नि उतारी लेनारा कोनी नही."

हे दहापैकी किती,
नर्सिंगच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.
कळ हा शब्द कळण्याला इतका लागून आहे
आणि मधलं अंतर ड्यूटीभर चालूनही संपत नाही.

चौथ्या रात्री, गोळीनंतर तासाभरानं गेले.
चादर चुरगळलेली, एक पाय बाहेर.
मूठ उघडी, तळव्यावर दांडीचा गंज.
नेहमीचंच विचारलं, हळू.
डोळे न उघडता बापू म्हणाले,
"लाभ."

मापाडी एकाला एक म्हणत नाहीत.
पहिलं माप पडलं की लाभ, मग दोन, मग तीन.
म्हणजे एक. दहापैकी एक. लिहून मोकळं व्हायला हवं होतं.
पण नव्या ढिगाला हात घातला
की तिथेही पहिला शब्द हाच.

पेनाचं टोपण काढून मी उभी राहिले,
दोन म्हणतात का, ऐकत.