परतीची खिडकी

ओउलूत नोव्हेंबर लागला की
दुपारी तीनलाच दिवस आवरतं घेतो.
तेव्हा वाचनालयाचे दिवे पार बंदरावरून दिसतात,
असं मासळीवाला रेइयो सांगतो.
तो पुस्तक कधी नेत नाही. मोजे वाळवायला येतो,
आणि हीटरजवळची खुर्ची त्याची,
हे सगळ्यांनी न बोलता मान्य केलंय.

मी परतीच्या खिडकीशी बसते.
पुस्तकांच्या जोडीनं इथे काय काय परत येतं:
शिलाई मशीन, रक्तदाब मोजायचं यंत्र,
बर्फावरच्या काठ्या (एक लांब, एक आखूड, विचारायचं नाही),
आणि एक तंबू, ज्याच्या शिवणीत अजून
कुणाच्या तरी उन्हाळ्याची वाळू आहे.

भिंतीला भोक पाडायचं ड्रिल
वेइक्को केत्तुनेनकडे तिसऱ्या खेपेला गेलंय.
"अजून किती भोकं राहिलीत?"
"एकच. पण कुठल्या भिंतीला, ते ठरत नाही."
मी मुदत वाढवून दिली.
मुदतवाढीला आमच्याकडे कारण लागत नाही.

मंगळवारी वरच्या मजल्यावर भाषेचा कट्टा.
तीन सरहद्दी पायी ओलांडलेली होदान
फिनिशच्या पंधरा विभक्तींपुढे हात टेकते.
घरात. घरातून. घराकडे. घरावाचून.
शेवटचं रूप तिला पहिल्याच फटक्यात जमलं.
शिकवणाऱ्या ओर्वोक्कीबाईंनी मग
कुणी मागितली नव्हती तरी कॉफी ओतली.

बुधवार हिल्लाचा.
राखाडी तोंडाची म्हातारी कुत्री, गळ्यात वाचनालयाचं ओळखपत्र.
प्रत्येक मुलाला तिच्यासमोर वाचायला पंधरा मिनिटं.
ती चूक काढत नाही, घड्याळ बघत नाही,
फार तर जांभई देते.
एलिएल नऊ वर्षांचा. शब्दाच्या उंबऱ्याशीच त्याला ठेच लागते.
शाळेत तो नुसते ओठ हलवतो.
इथे एक पान. मग दोन. आता अख्खा धडा.

हिल्लाला वसंतापासून ऐकू येत नाही.
तिच्या मालकिणीनं हे माझ्या कानात सांगितलं होतं,
आणि आम्ही दोघींनी ते जपून ठेवलं,
तापलेलं भांडं पदरात धरावं तसं.

आज दप्तर भरता भरता एलिएल म्हणाला,
"तिला ऐकू येत नाही. मागे मी मुद्दाम
प... प... पुस्तक पाडून बघितलं होतं."
"प"वर तो बराच वेळ अडकला.
मी मध्येच शब्द पुरवला नाही.
मग म्हणाला, "पुढच्या बुधवारचं माझं नाव लिही. दोनदा लिही."

बंद करायच्या वेळी ड्रिल आलं.
वेइक्को थांबला नाही, टोपीला हात लावून गेला.
पेटीत एक टोक कमी,
आणि कोपऱ्यांत चुन्याची पांढरी भुकटी.
नोंदवहीत "वस्तूची स्थिती" असा एक रकाना असतो.
मी लिहिलं: वापरलेली.
दिवे विझवायला उठले, तर रेइयोचे मोजे
हीटरवरच राहिलेले.