चाकांवरचा वड

आमच्या देवळातला वड साडेचार फूट उंच आहे.
साडेचारच राहायचा, असं कमिटीत ठरलंय.
वर छताला आगीचे फवारे आहेत
आणि विम्याचा कागद
देवीशेजारी फ्रेम करून लावलाय.

डर्बीतलं हे कार्पेटचं जुनं गोदाम.
दमट दिवशी कापराच्याही आडून
अजून लोकरीचा वास येतो.
पलीकडे गॅरेज. घंटा आणि त्यांचा कंप्रेसर
बरोबरच सुरू होतात संध्याकाळी.

दर मार्चमध्ये मुळं छाटायचं काम माझ्याकडे,
कारण मी रिकामी होते.
रिकामी म्हणजे, त्या महिन्यात श्रीनिवासचा पलंग
हॉस्पिटलवाले परत घेऊन गेले होते.
जयंतीलाल सोलंकी म्हणाले,
तुमचा हात हलका आहे, बेन.

कुंडी आडवी करायची, थोपटायची.
आत मुळं गोल गोल वळलेली,
वर्षभर अंधारात
स्वतःलाच प्रदक्षिणा घातल्यासारखी.
मी पावाच्या सुरीने कापते.
पांढरा चीक बोटांना दोन दिवस सोडत नाही.

जूनमध्ये बायका येतात, कामावरून थेट,
गळ्यात ऑफिसचा पास तसाच,
साडी इथल्या बाथरूममध्ये नेसून.
साडेनऊपर्यंत उजेड. पौर्णिमा आहे
हे फोनवर बघायचं.
सात फेरे पन्नास पावलांत उरकतात.
मी तेव्हा मागे स्वयंपाकघरात
नॉर्मंटन रोडवरच्या पाकिस्तानी दुकानातले
आंबे चिरत असते.
ये म्हणत नाही कुणी.
नको येऊस, असंही कुणी म्हणालेलं नाही.

गेल्या वर्षी सगळं आटोपल्यावर
मैथिली पारखे आली. नर्स आहे.
बारा तासांची ड्यूटी, सातवा महिना,
पाऊल बुटात मावत नव्हतं.
म्हणाली, काकू, दोनच घालते, चालेल ना?
मी म्हटलं, तू उभी राहा. सुताचं टोक धर.
चाकांचे ब्रेक पायाने सोडले
आणि वडच फिरवला.

उलटा फिरवावा लागतो,
म्हणजे फेरा सुलटा पडतो.

एक. दोन. चाक जरा किरकिरलं.
तिसऱ्याला ती हसली.
पाचव्याला दोघीही मोजायचं विसरलो,
म्हणून परत एकपासून.
दिवे बंद करायला आलेला डेरेक
दारातच थांबला, टोपी काढून.

यंदा मार्चमध्ये कुंडी आडवी केली,
तर एक मूळ खालच्या भोकातून बाहेर येऊन
चाकाला घट्ट विळखा घालून बसलेलं.
सुरी लावली.
मग पुसून ठेवून दिली.

कमिटीला वाटतं, चाक गंजलंय.
जयंतीलाल म्हणतात, नवीन मागवू या,
ऑनलाइन चार पौंडांना मिळतं.

बघू, म्हणते मी.