जन्माचं साल

कास्त्रोहून दगड कोरणाऱ्याचा फोन आला.
नाव बसतंय, म्हणाला, एदेल्मिरा रेमोल्कोय,
जरा लांब आहे पण बसवतो.
जन्माचं साल तेवढं सांगा.
आणि चुलीभोवतीचे आम्ही सगळे गप्प.

कागदावर एकतीस आहे.
पण नोंद करायला आजीचे वडील होडी घेऊन गेले
ते दोन हिवाळे उशिरा.
आधी वादळं होती, मग बटाटे काढायचे होते,
मग गाय व्यायला झाली होती.
मुलगी काय, घरातच होती,
कुठे पळून चालली होती!
म्हणजे एकोणतीस, एलेउतेरिओमामा म्हणतो.
आई म्हणते, छे, त्याच्याही आधी,
ती स्वतः सांगायची,
देवमासा वाळूला लागला त्या साली मी झाले.
आता देवमासा कुठल्या साली लागला
हे सांगणारं बेटावर कोणी नाही.
होती एक. तिलाच काल पुरून आलो.

आजीला साल लागायचंच नाही.
तिला ओहोटी लागायची.
पहाटे दार किलकिलं करून नुसता वास घ्यायची,
'अजून तासभर आहे, चहा पिऊन घे.'
मग टोपली, लोखंडी आकडा, माझ्या पायात मामाचे बूट,
आणि चिखलात वाकलेली तिची पाठ.
सगळ्या बेटाला ती तोंडाआधी पाठीनं माहीत.

आजोबा पातागोनियात मेंढ्या कातरायला गेले.
एका वर्षी पैसे आले, एका वर्षी नुसतं पत्र,
मग पत्रही नाही.
त्यावर ती कधी काही बोलली नाही.
फक्त घरात कोणी मेंढीचं मटण चांगलं झालंय म्हटलं
की उठून भांडी घासायला लागायची.

साठ सालच्या भूकंपाचं मात्र सांगायची, विचारलं तर.
समुद्र मागे गेला, इतका मागे,
की कधी न दिसलेले खडक उघडे पडले,
आणि लोक टोपल्या घेऊन धावले, शिंपल्यांचा नुसता खच!
ती धावली नाही.
'ही ओहोटी माझ्या ओळखीची नव्हती,' म्हणायची.
एक पोर पाठीवर, दोन हाताला,
चौथ्याला शिव्या घालत टेकडीवर चढली.
पाठीवरची ती माझी आई.
म्हणून मी आहे.

नंतर गावानं मिळून घर उचललं,
बैल जुंपले, ओंडक्यांवरून किनाऱ्याला आणलं,
आणि होड्यांना बांधून खाडीपलीकडे ओढत नेलं.
आई शपथेवर सांगते, घर पाण्यावर होतं तेव्हाही
धुराड्यातून धूर निघत होता,
आजीनं चूल विझू दिली नव्हती.
मामा म्हणतो, साफ खोटं, आजी होडीत बसून ओकत होती.
दोघंही तिथे होती.

शेवटची दोन वर्षं मी तिच्यासाठी ओर्फेलिना होते,
तिची बहीण, नवव्या वर्षी तापानं गेलेली.
कारखान्यातून सुट्टीला यायचे, हातांना सामनचा वास,
ती हुंगायची आणि रागवायची,
'ओर्फे, परत न सांगता पाण्यावर गेलीस?'
आधी मी माझं नाव सांगायचे.
मग सोडून दिलं.
म्हणायचे, हो, गेले होते, आले ना परत.
ती माझे केस विंचरायची तेव्हा
मला दोघींच्या वाटचं मिळायचं.

आईनं शेवटी फोन हातात घेतला.
'सालाची जागा कोरी ठेवा.'
तो म्हणाला, पैसे तेवढेच पडतील.
आई म्हणाली, पडू देत.

संध्याकाळी पलंग हलवला तर खाली
वर्तमानपत्रावर पसरलेले बटाटे,
जांभळे, काळसर, एक वाकडा लांबुडका
ज्याचं नाव फक्त तिला येत होतं.
सगळ्यांना मोड आलेले.
बियाण्याचे, उन्हाळ्याअखेरीस निवडून ठेवलेले,
माणसं विसरत होती तेव्हा.

'हे लावायचे कधी?' मी विचारलं.
आईनं दार किलकिलं केलं,
थंड वारा आत आला, ती तशीच उभी,
नाक जरा वर.
'अजून पंधरा दिवस.'
मामा म्हणाला, उगाच काहीतरी.