कारण

ताळगावच्या पठारावर, परीक्षा विभागाच्या खाली,
खिडकी क्रमांक तीन.
जाळीला एक अर्धगोल भोक,
तेवढ्यातून एकोणीस वर्षं
मी मुलांचे फक्त हात पाहिले.

बोनाफाईडच्या अर्जात शेवटी एक रकाना असतो: कारण.
बसचा पास. बँकेचं कर्ज.
पासपोर्ट, इथला,
किंवा आजोबांच्या जन्मदाखल्यावरून लिस्बनचा.
मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोवर पत्ते वाटायची नोकरी.
मी वाचायचो, शिक्का मारायचो.
कुणाचं कारण स्वतःचं, कुणाचं घरून बांधून दिलेलं,
हे बघणं माझ्या पगारात नव्हतं.

सुचिता वेलीपनं रकाना कोरा ठेवला.
"लिही काहीतरी."
"काय लिहू?"
"कशाला हवाय दाखला, ते."
हात जाळीतून मागे गेला, परत आला,
पेनचं टोक कागदाला टेकलं
आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मागे अकरा जणांची रांग.
मी खिडकी लावून घेतली.
जेवायचीच वेळ होती म्हणा.
मग दाराबाहेर गेलो.

खोतीगावची. वनस्पतिशास्त्र, शेवटचं सत्र.
वडील म्हणालेले, दाखला आण,
आमदारांकडे जाऊन येऊ,
ओळखीशिवाय काय होतं आपल्यात?
ओळख.
या खुर्चीत बसण्याआधी
मीही उभा होतो एका व्हरांड्यात
नारळांची पिशवी घेऊन.
म्हणून तिला हसलो नाही.

दुसऱ्या मजल्यावर कुलासो बाई डबा उघडत होत्या.
म्हटलं, हिच्याकडे कारण नाही.
बाईंनी तिला खुर्ची दिली, मला नाही,
आणि खिडकीबाहेरच्या झुडपाकडे बोट करून विचारलं, हे काय?
तिनं पुस्तकातलं नाव सांगितलं, मग घरचं,
मग त्याचा पाला तापात कसा वाटतात,
मग कुठल्या उतारावर तो आता सापडत नाही.
बाईंचा घास हातात तसाच.
"दोन वर्षं तू माझ्या वर्गात होतीस?"
"मागच्या बाकावर."
बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
त्यांच्या त्या गप्प बसण्यात थोडा वाटा माझाही होता.

पुढचं भराभर झालं, असं लिहायला आवडलं असतं.
पहिल्या मुलाखतीला कदंब करमल घाटात बंद पडली.
दुसरीत तिनं सगळी उत्तरं टेबलाला दिली.
मग आमचा शिपाई बाबल, चार ते साडेचार,
झेरॉक्सच्या खोलीत माझा चष्मा लावून साहेब व्हायचा,
दरडावून विचारायचा, "पगार किती घेणार?"
ती हसायची. मग हसेनाशी झाली.
मग आकडा सांगू लागली.
बाईंनी शिफारसपत्र तीनदा फाडलं:
"हुशार, मेहनती, नम्र, हे तर मी सगळ्यांनाच लिहिते."
चौथ्यात त्या झुडपाचं नाव होतं.

आता ती काणकोणात एका रोपवाटिकेत आहे,
अकरा महिन्यांच्या करारावर,
पगार कधी दहाला, कधी वीसला.
वडील अजून आमदारांचं नाव काढतात.

बाकी माझ्या हातून फार काही झालं नाही.
जाळी बाबलनं पान्यानं सोडवली,
हिशेबवाल्यांनी विचारलं तर गंजली होती म्हणालो.
आत एक स्टूल ठेवलंय.

काल वास्कोचा एक मुलगा आला.
कारण: बोटीवर, किचन.
अडवला नाही. कँटीनमधल्या दुमिंगकडे धाडला,
ज्यानं बारा वर्षं बोटीवर कांदे कापले;
करारात बारीक अक्षरात काय असतं,
समुद्रात रविवार कसा जातो,
ते त्यालाच ठाऊक.
मुलगा तासाभरानं परत आला.
दाखला द्या म्हणाला नाही, नको असंही नाही.
स्टुलावर बसला.
दीड वाजला होता.
मी डबा त्याच्याकडे सरकवला.