बसच्या डेकसाठी

उल्हास तारीनं पेनड्राइव्ह हातात ठेवला, शर्टाला पुसून.
"चवथीच्या आरत्या घाल यात. बाबा पहिल्या सीटवर बसतो,
बेतकी ते फोंडा, फोंडा ते बेतकी,
दिवसभर. उतरत नाही."

माझ्याकडे सोळा वर्षांची चवथ आहे,
तीनशे बारा फाइली, एकही थेंब न सांडता भरलेल्या.
घुमट, शामेळ, सोयरूमामाचं कांसाळें,
मागे कुणीतरी विचारतंय, "पातोळ्यो खंय?"
आणि माटोळीतून सुपारीचा एक घड
धप्पकन पडतो तोही.

बसच्या डेकला यातलं काही पचत नाही.
त्याला एमपीथ्री हवं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं;
तिसऱ्या मिनिटाला आरती तोडून पैसे मागायचं.
आरतीचं ताट निदान आरती संपल्यावर फिरतं.
दुसऱ्यानं येताना पाहुणे आणले,
त्यातला एक अजून मुक्कामाला आहे,
रोज सकाळी मला हवामान सांगतो.
तिसरं सरळमार्गी वाटलं, रात्रभर चालू ठेवलं.
सकाळी पाहतो तर 'माटोळी, रात्र दुसरी' या नावाच्या जागी
नुसती प्रश्नचिन्हं, ओळीनं,
तीनशे बारा वेळा.
लिपीवरून आमच्या गोव्यात काय काय झालं,
आणि या खिडकीला
माझी अक्षरं अक्षरंच वाटली नाहीत.

शेवटी फर्मागुडीला शिकणारी भाची आली, शाल्मली.
तिनं एक काळी चौकट उघडली. बटणं नाहीत, चित्रं नाहीत.
एक ओळ लिहिली आणि बोट अधांतरी धरून म्हणाली,
"मामा, किती ठेवायचं?"

तीनशेवीस ठेवलं तर सगळं मावत नाही;
डेक चार जीबीच्या वर ओळख दाखवत नाही.
एकशेअठ्ठावीस ठेवलं तर मावतं,
पण कांसाळें ओलं होतं,
विहिरीत पडलेल्या कळशीसारखं
खालून कुठूनतरी वाजत राहतं.
घुमट टिकतं. घुमटाचं काही बिघडत नाही.

म्हणजे आता बोला:
काही वर्षं अख्खी गाळू,
की प्रत्येक वर्षातून थोडं थोडं?
मी यादी करायला बसलो. दोन हजार अकरा गाळावं,
तेव्हा मंडळात भांडण होतं, ठेका रागावलेला आहे.
पण त्यातच गुणाजी आहे, शामेळावर, शेवटचा.
यादी तिथेच थांबली.

हेडफोन घेऊन बेतकीला गेलो.
सोयरूमामाला आधी एक ऐकवलं, मग दुसरं.
त्यानं डोळे मिटून ऐकलं, दोन्ही वेळा, पूर्ण.
"दोनूय एकूच रे."

पायऱ्या उतरताना उल्हासनं सांगितलं,
बांबोळीला डॉक्टरनं कागद काढून दिलाय.
रेघ डावीकडून बरी येते
आणि मग धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यासारखी
उतरत उतरत पाण्यात.
चाळीस वर्षं कांसाळें कानाजवळ धरलं होतं.

घरी येऊन शाल्मलीला म्हटलं, एकशेअठ्ठावीस.
तिनं कारण विचारलं नाही.
फाइलींची नावं मात्र मी रोमीत लिहिली, एकेक करून,
आणि मूळ डिस्क कपाटात,
लोकरीच्या टोपीत गुंडाळून.

काल माशेलहून त्याच बसनं आलो.
कंडक्टर ओरडतोय, कोळणीची पाटी दारात अडकलीय,
आणि वर स्पीकरमधून दोन हजार तेरा,
रात्र पाचवी, पातळ झालेली.
सोयरूमामा खिडकीशी. मांडीवर दोन्ही तळवे,
एकमेकांना न लागता मिटत, उघडत.

वळणावर एका जागी ते चुकले.
मी दचकलो. मूळ फाइलीतही
तिथेच एक ठोका मागे पडलाय,
मला तो हेडफोन लावून तीनदा ऐकल्यावर सापडला होता.

"हांगा चुकलों हांव," तो खिडकीला म्हणाला,
आणि पुढच्या मात्रेवर परत आला.