पह्यले कोणती ऐकू

संघमित्रा, तू आलती इअरफोनचा एक कान मेला म्हणून,
अन् आत प्लेअरवर काय वाजते
ते ऐकत उभी रायली झाकट पडेस्तोर.
"काका, याच्यातली पह्यले कोणती ऐकू?"
असं या दुकानात कोणी इचारलं नव्हतं.
लोक इचारतात, कितीत होईन.

सोल म्हणतात याले.
मले वाटे, चपलेचा. दोन्ही झिजतातच म्हणा.
मिशन दवाखान्यातली नर्सबाई मायदेशी गेली
तवा टिंक्चरच्या खोक्यात एकोणीस तबकड्या देऊन गेली,
वर चिठ्ठी: शांतवनले, सायकलच्या साऱ्या पंचरचे.

पह्यली निळ्या कव्हरची.
ते तर तुले त्याच दिवशी देल्ली, बिनझाकणाच्या प्लेअरसकट.
गाणारा दाराबाहेर उभा असल्यावानी गाते,
आत ये म्हणलं तरी येत नाही.
रातच्याले ऐकजो म्हणलं होतं, जिनिंगचा भोंगा झाल्यावर,
केसातली रुई काढता काढता.
दुसरी बाजू लावाची घाई नोको करू.
मी अकरा वर्ष लावलीच नाही.
पह्यलीच सरली नाही.

मंग ते दोघायची. बाई अन् बाप्या.
तुह्या बाबाची गायनपार्टी होती,
तुले दुय्यमचा सामना काय समजावून सांगू?
तो एक टाकते, ते उलटवते,
पेटी मधात पडून सोडवासोडव करते.
फक्त इथं हरलं कोण ते कळत नाही,
अन् बक्षीस द्याले सरपंच नाही.
मागं जे खुळखुळते ना, ते आपली खंजिरीच हाय,
कातडं नसलेली.

हिरवी मले आवडत नाही.
सारे चांगली म्हणतात, तूही म्हणशीन.
लय व्हायोलिन. जिलबीवर साखर पेरल्यावानी.
तरी ऐकजो,
माह्या भरवशावर कोणाले नापास नोको करू.

आता ते फाटक्या कव्हरची.
हे कोणाले सांगतलं नाही.
तवा प्लेअर सेलवर चाले.
सेल महाग, उतरले तरी उन्हात ठेवून पुन्हा घालाचो.
सहा महिने मी त्या माणसाले ऐकलं.
बसका गळा, एकेक शब्द
विहिरीतून भरली बादली काढल्यावानी काढे.
माहा भाऊ गेला ते साल.
लोक येत, चहा पेत, जात.
हा तेवढा रातभर बसे.

मंग यवतमाळवरून नवे सेल आणले,
अन् त्याच तबकडीतून एक बाई निघाली.
बाई कायची, पोट्टी! तुह्याच उमरीची,
टाळ्या वाजवत, हासत,
बहुतेक लग्नाचंच काही गात होती.

दोन दिवस दुकान उघडलं नाही.
राग आलता मले. कोणाचा, ते नाही समजलं.
पोट्टीचा तर नाही. तिचं काय चुकलं?
पण तो माणूस कुठं गेला?

तू तिले तिच्या चालीनंच ऐकजो.
खरं तेच हाय, तिनं तसंच गायलं.
ते उतरलेले सेल मात्र मी फेकले नाहीत,
बिस्किटाच्या बरणीत हायेत, वरच्या फळीवर.
कधी लागले तर सांगजो.
न लागो.

मोबाईलवर सारं भेटते म्हणतं तू. भेटत असन.
त्याचे सेल उतरले का तो सरळ बंदच पडते.

काल निळी वापस आणून देल्ली,
मी नव्हतो, शेजारच्या सलूनात ठेवून गेली,
सोबत काट्यावरची पावती, कापसाच्या रकान्यात तुहं अक्षर:
ऐकाच्या आधी दोनशे ग्रॅम, कव्हरसकट.
ऐकल्यावर दोनशेच.
काटा तपासाले माणूस बलवा.

पावती खोक्यात ठेवली, नर्सबाईच्या चिठ्ठीपाशी.
दोघायची घेऊन जाजो गुरुवारी.
इअरफोनचा कान अजून झाला नाही.
वायर आतून तुटली हाय, पाहाव लागन.
घाई नाही न?